विलिस्का, 1912: त्या सकाळी घरात कोण कोण शिरलं

गेल्या शनिवारी विलिस्काला जाऊन आले आणि तेव्हापासून ते गाव डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय. लांबेल, आधीच सांगून ठेवते.

आम्ही ओमाहात राहतो. मिसुरी नदी ओलांडली की आयोवा राज्य लागतं, तिथून खाली दक्षिणेला येऊन 34 नंबरचा हायवे धरला की रेड ओक लागतं आणि त्याच्या पुढे विलिस्का, सगळा मिळून दीडेक तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच धान्याची उंच कोठारं, एखादं चर्च, बाकी काही नाही. गाव म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव असतं ना तेवढंच, आता हजार-बाराशे वस्ती राहिलीये, पण 1912 साली अडीच हजाराच्या आसपास लोक होते आणि रेल्वे गावातून जायची त्यामुळे दुकानं, व्यापार, येणारे-जाणारे असं सगळं होतं. रेल्वे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

या गावात 1912 च्या जून महिन्यात एका रात्रीत, एका घरात, आठ माणसं मारली गेली. त्यातली सहा लहान मुलं. कुणी मारली ते आजपर्यंत कळलेलं नाही. मी या केसबद्दल आधी वाचलं होतं, व्हिडिओही बरेच पाहिले होते, पण त्या सगळ्यात भुताखेताचाच भाग जास्त असतो आणि मला त्यात रस नाही. मला कायम वाटत आलंय की यातली खरी गोष्ट रात्रीची नाहीचे, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी बारा या चार तासांची आहे.

आधी रविवारचं सांगते. 9 जून 1912. गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्या संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम होता, चिल्ड्रन्स डे म्हणतात, आपल्या शाळेचं गॅदरिंग असतं तसंच समजा, पोरं पुढे येऊन कविता म्हणतात आणि आया खाली बसून ओठ हलवत शब्द पुरवतात. कार्यक्रमाची सगळी धावपळ सारा मूर या बाईंची होती. वय 39. नवरा जोसायाह मूर, 43 वर्षांचा, शेती अवजारांचं दुकान होतं त्याचं. चार मुलं, हर्मन 11 वर्षांचा, कॅथरीन 10 ची, बॉइड 7 चा आणि शेंडेफळ पॉल 5 चा. चांगलं चाललेलं घर, गावात मान होता.

कॅथरीनच्या दोन मैत्रिणी, लेना आणि आयना स्टिलिंजर, सख्ख्या बहिणी, 12 आणि 8 वर्षांच्या. त्या गावाबाहेर शेतावर राहायच्या आणि कार्यक्रम उशिरा संपणार म्हणून त्या रात्री गावातच आजीकडे झोपणार होत्या. कॅथरीन म्हणाली आमच्याकडेच या ना. मग जोसायाहने मुलींच्या घरी फोन केला परवानगी विचारायला, फोन थोरल्या बहिणीने घेतला, आईवडील बाहेर आहेत, सांगते त्यांना, म्हणाली. झालं एवढंच. एका फोनवर ठरलं की दोघी आजीकडे न जाता मूर यांच्याकडे झोपतील.

साडेनऊला कार्यक्रम संपला, आठही जण चालत घरी आले, दहाच्या आसपास घरात पोचले, झोपायच्या आधी मुलांनी दूध-बिस्किटं खाल्ली असं सांगतात. आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी कुणीतरी त्याच घरातली कुऱ्हाड घेऊन वरच्या मजल्यावरच्या सहा जणांना आणि खाली पाहुण्यांच्या खोलीतल्या दोघी बहिणींना मारलं. कसं मारलं ते मी लिहिणार नाही, नेटवर पाहिजे तेवढं आहे आणि मला ते लिहवत नाही. फक्त एक सांगते, लेनाच्या हातावर जखम होती, म्हणजे ती बहुतेक जागी झाली होती आणि तिने हात मध्ये घातला होता. बाकी सगळे झोपेतच गेले असावेत.

आता सोमवारची सकाळ. शेजारच्या मेरी पेकहॅम बाई लवकर उठून धुणं वाळत घालत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की मूर यांच्या घरात काहीच हालचाल नाही. चार पोरं असलेलं घर सकाळी सात वाजता गप्प, हे शेजारणीला खटकणारच ना. त्यांनी जाऊन दार वाजवलं, ओ नाही, दार बंद. मग त्यांनी काय केलं तर मूर यांच्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर सोडल्या, आणि मग जोसायाहच्या भावाला, रॉस मूरला फोन केला. मला हे कोंबड्यांचं इतकं लागलं ना, कारण आमच्या गल्लीतल्या काकूंनी पण अगदी हेच केलं असतं, माणसं उठली नाहीत तरी जनावरांना कशाला कोंडून ठेवायचं.

रॉस आला, त्याच्याकडे किल्ल्या होत्या, त्याने दार उघडलं, बैठकीच्या खोलीतून आत गेला, खालच्या बेडरूमचं दार लोटलं, पलंगावर काय आहे ते पाहिलं आणि तसाच बाहेर आला. पेकहॅम बाईंना म्हणाला मार्शलला बोलवा. मार्शल म्हणजे गावचा पोलीस, हँक हॉर्टन. तो आला, घरभर फिरला, आणि बाहेर येऊन म्हणाला की प्रत्येक पलंगावर कुणीतरी मरून पडलंय.

इथपर्यंत कुणाचंच काही चुकलेलं नाही. इथून पुढे चुकायला लागलं.

हॉर्टन डॉक्टरांना बोलवायला गेला. डॉक्टर आले, चर्चचे पाद्री आले, आणखी डॉक्टर आले, कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, आला. आणि तोवर गावभर झालं. गाव अडीच हजारांचं, त्यात फोन घरोघरी पोचलेले, बातमी पसरायला किती वेळ लागतो. लोक यायला लागले आणि त्यांना अडवायला कुणी नव्हतं. एक डॉक्टर बाहेर येताना लोकांना म्हणाले होते की आत जाऊ नका, आयुष्यभर पस्तावाल, पण तोंडी सांगून गर्दी थांबते का कधी. शंभरेक माणसं तरी त्या घरात जाऊन आली असं सांगतात. जिन्याने वर, खोल्याखोल्यांतून, पलंगांच्या शेजारून. कुणी पांघरूण उचलून बघतंय, कुणी दिव्याला हात लावतंय, कुणी कुऱ्हाड बघतंय. एकाने तर जोसायाहच्या कवटीचे तुकडे आठवण म्हणून उचलून नेले. दुपारी बाराच्या सुमाराला नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याची, गावातली तुकडी आली तेव्हा कुठे घराला वेढा पडला आणि लोक बाहेर निघाले.

मी परवा त्या घराच्या जिन्यात उभी होते. अगदी अरुंद जिना आहे, उभा, आपल्याकडे जुन्या वाड्यात माडीवर जायला असतो तसा, खांदा भिंतीला घासतो. वरून कुणी उतरत असेल तर खालच्याला थांबावं लागतं. आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते की या जिन्यावरून त्या सकाळी शंभर माणसं चढली-उतरली म्हणजे एकमेकांना वाट देत, कठड्याला धरून, भिंतीला हात टेकवत गेली असणार. ज्याने मारलं तोही याच जिन्याने वर गेला होता, रात्री, अंधारात, म्हणजे त्यानेही कुठेतरी हात टेकवलाच असेल. त्याच्या एका हातावर शंभर हात पडले.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यात पोलीस पाटील होते. मी लहान असताना एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे होते तेव्हा ओढ्याच्या कडेला एक प्रेत सापडलं होतं, बाहेरगावचा माणूस होता. मला अर्थातच जवळ जाऊ दिलं नाही पण लांबून बांधावरून जे दिसलं ते अजून डोळ्यापुढे आहे. आण्णांनी घरातून चुन्याची फक्की मागवली आणि प्रेताच्या चांगलं वीस पावलं लांबून गोल आखला. कोतवालाला सायकलवर पोलीस स्टेशनला पिटाळलं. आणि स्वतः काठी घेऊन त्या गोलाच्या कडेला उभे राहिले, "मागं सरा, तिथं कुणी पाय ठिवायचा न्हाई." सरपंच आले, त्यांनाही नाही सोडलं. रात्र झाली तरी फौजदार आले नाहीत, मग आजीने भाकरी आणि कंदील तिकडेच पाठवला आणि आण्णा रात्रभर तिथेच बसून होते. फौजदार सकाळी आले, पंच बोलावले, पंचनामा झाला, तेव्हा आण्णा घरी येऊन अंघोळ करून झोपले. आण्णा जेमतेम सातवी शिकलेले. त्यांना फॉरेन्सिक वगैरे शब्द माहीतही नव्हता, पण जागा तुडवू द्यायची नाही हे त्यांना माहीत होतं, पोलीस पाटलाचं ते कामच असतं.

म्हणून विलिस्काबद्दल वाचताना मला त्या मार्शलचा राग येतो आणि लगेच वाईटही वाटतं. छोट्या गावचा पोलीस, दारुडे आणि भांडणं सांभाळणारा, त्याने असं काही जन्मात पाहिलं नसणार. तो तरी कुणाकुणाला अडवणार. पण दारात एक माणूस उभा करायचा होता हो, फक्त एक. भावाला नाही, शेजाऱ्याला नाही, कुणालाच नाही.

कारण घरात काय काय होतं ते ऐका. कुऱ्हाड खालच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली, पुसायचा प्रयत्न केलेली. तिच्या शेजारी डुकराच्या मांसाचा, बेकनचा, एक मोठा तुकडा, का ते कुणालाच कळलं नाही. पलंगाच्या पायथ्याशी रॉकेलचा दिवा, त्याची काच काढून ठेवलेली आणि वात मागे वाकवलेली, म्हणजे उजेड अगदी मंद पडावा म्हणून. खिडक्यांचे पडदे ओढलेले, ज्यांना पडदे नव्हते त्यांच्यावर घरातले कपडे टांगलेले. आरसे कपड्यांनी झाकलेले. मेलेल्यांचे चेहरे झाकलेले. स्वयंपाकघरात टेबलावर रक्ताच्या पाण्याचं भांडं आणि न खाल्लेल्या जेवणाची ताटली. दारं बंद करून गेला. म्हणजे हा माणूस मारून पळून गेलेला नाही, तो त्या घरात थांबलाय, फिरलाय, कपाटं उघडून कपडे काढलेत, दिव्याची काच हाताने काढलीये, भांड्यात हात धुतलेत. काच! ठसा उमटायला काचेपेक्षा चांगली जागा कुठली?

कुणी म्हणेल 1912 साली कुठले आले ठसे. तर नाही, होते. बोटांचे ठसे ओळखायचं जगातलं पहिलं ब्युरो आपल्या कोलकात्यात 1897 साली सुरू झालं, एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने ती पद्धत जगभर गेली पण त्यामागचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचं होतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे. त्याच सुमाराला जलपायगुडीच्या चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला तेव्हा एका पंचांगावर उमटलेल्या अंगठ्याच्या ठशावरून जुन्या नोकराला पकडलं होतं, खून सिद्ध झाला नाही पण चोरीसाठी शिक्षा झाली. त्याच्याही आधी, 1892 मध्ये, अर्जेंटिनातल्या नेकोचेआ नावाच्या लहानशा गावात दोन लेकरांचा खून झाला होता. आईने शेजाऱ्याचं नाव घेतलं होतं, पोलिसांनी त्या बिचाऱ्याला मारझोड करून पाहिली, तो काही कबूल होईना. मग अल्वारेझ नावाचा अधिकारी आला आणि त्याला दाराच्या लाकडावर रक्ताचा एक अंगठा दिसला. त्याने काय केलं माहितीये, तेवढं लाकूडच करवतीने कापून घेतलं. ठसा आईचाच निघाला, तिने कबूल केलं. विलिस्काच्या वीस वर्षं आधी. आणि खुद्द अमेरिकेत 1911 साली इलिनॉयच्या वरच्या कोर्टाने ठशांचा पुरावा ग्राह्य धरला होता.

विलिस्कालाही ठसेतज्ज्ञ बोलावला होता, कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगातून, मॅक्लॉग्री नावाचा. त्याला उपयोगाचा एकही ठसा मिळाला नाही. कसा मिळणार. नेब्रास्कातून रेल्वेने कुत्री आणली, आपल्याकडच्या श्वानपथकासारखी, ती पोचेपर्यंत रात्र झाली होती, गावातून नदीकडे गेली आणि तिथे वास तुटला. दिवसभर शेकडो माणसांनी अंगण तुडवलेलं, कुत्र्यांनी तरी कुणाचा माग काढायचा. दुसऱ्या दिवशी कॉरोनरने जबाब घेतले, पेकहॅम बाईंचा, रॉसचा, डॉक्टरांचा. 12 तारखेला अंत्यसंस्कार झाले, हजारो माणसं लोटली होती. आणि तिथून पुढे पुराव्याच्या जागी गावात बोलणं सुरू झालं.

बोलणं कुठे गेलं तर जोसायाहच्या जुन्या मालकाकडे. फ्रँक जोन्स, गावातला सगळ्यात वजनदार माणूस, अवजारांचा मोठा व्यापारी आणि राज्याच्या राजकारणातला पुढारी, पुढे स्टेट सेनेटर. जोसायाह त्याच्याकडे बरीच वर्षं नोकरीला होता, मग 1907 च्या सुमाराला बाहेर पडून स्वतःचं दुकान टाकलं आणि जॉन डीअरची एजन्सी घेतली. आपल्याकडे ट्रॅक्टरची एजन्सी जुन्या मालकाच्या हातातून नोकराकडे गेली तर तालुक्यात काय होईल ते डोळ्यापुढे आणा. शिवाय घरच्या भानगडीच्याही अफवा होत्या, त्यात मी शिरत नाही. जोन्स मेथॉडिस्ट, मूर प्रेस्बिटेरियन, म्हणजे चर्चही वेगवेगळी, आणि हळूहळू सगळं गाव या दोन बाजूंना वाटलं गेलं.

दोन वर्षांनी, 1914 मध्ये, बर्न्स डिटेक्टिव्ह एजन्सीचा विल्करसन नावाचा माणूस आला आणि त्याने या फुटीला हवा दिली. त्याचं म्हणणं, जोन्सने पैसे देऊन विल्यम मॅन्सफिल्ड नावाच्या माणसाकडून हे करवून घेतलं. 1916 मध्ये मॅन्सफिल्डला कॅन्सस सिटीहून पकडून आणलं, ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, उभं केलं, आणि निघालं काय तर त्या दिवसांत तो इलिनॉयमध्ये कामावर होता, पगाराच्या रजिस्टरला नोंद. सोडून द्यावं लागलं. त्याने उलट विल्करसनवर दावा लावून 2,225 डॉलर नुकसानभरपाई मिळवली. जोन्सनेही अब्रूनुकसानीचा दावा केला पण तो हरला, आणि लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की म्हणजे जोन्सनेच केलं! वास्तविक जोन्सवर खुनाचा आरोप कुठल्याही कोर्टात कधीच ठेवला गेला नाही. विल्करसन मात्र गावोगावी सभा घेत होता, लोकांकडून वर्गणी गोळा करत होता, आणि लोक देत होते. मला या माणसाचा सगळ्यात जास्त संताप येतो. मार्शल गांगरला, डॉक्टर गांगरले, ते समजू शकते, पण याने आठ मढ्यांवर सभा भरवल्या.

मग 1917. आता नंबर लागला रेव्हरंड जॉर्ज केली नावाच्या फिरत्या पाद्र्याचा. इंग्लंडहून आलेला, पाच फूट दोन इंच उंच, किरकोळ शरीराचा आणि मनाने आजारी माणूस, मध्ये वेड्यांच्या इस्पितळातही राहून आलेला. तो त्या रविवारी विलिस्कात होता, मुलांचा कार्यक्रम त्याने पाहिला होता आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने निघून गेला होता. गाडीत त्याने एका म्हाताऱ्या जोडप्याला खुनांबद्दल सांगितलं, प्रेतं सापडायच्या आधीच, असंही पुढे आलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण अशा आठवणी पाच वर्षांनी, एवढं सगळं बोलून-ऐकून-वाचून झाल्यावर किती खऱ्या राहतात? त्याशिवाय या केलीला या केसचं वेडच लागलेलं होतं, तो तपास करणाऱ्यांना पत्रांवर पत्रं लिहायचा.

त्याला तुरुंगात बसवून रात्रभर प्रश्न विचारले, आणि 31 ऑगस्टच्या सकाळी त्याने कबुलीजबाबावर सही केली, देवाने सांगितलं म्हणून मी मारलं. नंतर तो फिरला, म्हणाला मी केलं नाही. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, मूळ 1872 च्या पुरावा कायद्यातलं 25 वं कलम, 2024 पासून त्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य कायद्यातही तेच, पण मूळचं इंग्रजांनी केलेलं, कारण पोलीस कबुली कशी घेतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथे खटला उभा राहिला, लेनाच्या खुनाचा. सप्टेंबरमध्ये पहिली ज्युरी फुटली, बारापैकी अकरा जण सोडा म्हणणारे. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा खटला, आणि केली निर्दोष सुटला. त्यानंतर या खुनांसाठी कुणावरही खटला चालला नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला गावातलं कुणी वाटत नाही. रेल्वे लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, त्याचं कारण हे. 1911 च्या सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये शेजारशेजारच्या दोन घरांत सहा जण कुऱ्हाडीने मारले गेले होते. ऑक्टोबरमध्ये इलिनॉयमधलं मॉनमाउथ, तीन जण. त्याच महिन्यात कॅन्ससमधलं एल्सवर्थ, पाच जणांचं कुटुंब. आणि विलिस्काच्या चारच दिवस आधी, 5 जूनला, कॅन्ससमधल्या पाओलात एक नवरा-बायको, आणि तिथेही दिव्याची काच काढून ठेवलेली सापडली. सगळी रेल्वेची गावं. रात्रीच्या गाडीतून उतरायचं, पहाटेच्या गाडीत चढायचं. हेन्री ली मूर नावाच्या माणसावर संशय घेतला गेला (या कुटुंबाशी नातं नाही, नुसतं आडनाव सारखं), त्याने 1912 च्या डिसेंबरमध्ये मिसुरीत स्वतःच्या आईला आणि आजीला असंच मारलं होतं आणि त्यात त्याला जन्मठेप झाली, पण विलिस्काशी त्याला जोडणारी ठोस गोष्ट कुणाला दाखवता आली नाही. दिव्याच्या त्या काचेवरचा एक ठसा शाबूत राहिला असता तर दुसऱ्या गावच्या ठशाशी जुळवून बघता आला असता. किंवा निदान मॅन्सफिल्ड, केली, जोन्स, यांच्यावरचं किटाळ तरी एका दिवसात गेलं असतं. हेच मला राहून राहून वाटतं.

घर 1994 मध्ये कुणीतरी विकत घेऊन परत 1912 सारखं केलं. लाईट नाही, नळ नाही, तसेच पलंग, तशीच भिंतीवर कपडे टांगायची खुंटी. दिवसा तिकीट काढून बघता येतं, त्याला माझी ना नाही, मीही काढलंच. पण रात्री भाडं भरून तिथे झोपताही येतं. लोक भुतं बघायला येतात, मशीन घेऊन, कॅमेरे लावून, त्या मुलांना नावाने हाका मारून उत्तर द्या म्हणतात. मुलांसाठी खेळणी ठेवून जातात. मी तिथे असताना दोन तरुण पोरं बॅगा घेऊन रात्रीची वाट बघत बाहेर उभी होती, चांगली होती बोलायला, पण मला त्यांच्याशी बोलवेना. 1912 सालीही लोक त्याच दारातून बघायला आत गेले होते.

माझा मोठा मुलगा सोबत होता. अकरा वर्षांचा आहे. आधी वाटलं नको न्यायला, पण तो म्हणाला मी येतो, आणि मी त्याला आत सगळं सांगितलं नाही, फक्त कोण कोण राहायचं ते सांगितलं. नंतर गावच्या स्मशानभूमीत गेलो, मूर कुटुंब तिथे आहे आणि लेना-आयनाही. मी ओमाहातून फुलं घेऊन गेले होते, घरामागच्या अंगणातली, पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळून. त्याने ती वाटून ठेवली. मग म्हणाला, "हर्मन माझ्याएवढा होता." मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं की या दोघी त्यांच्या बहिणी होत्या का. मी सांगितलं, नाही, मैत्रिणी होत्या, स्लीपओव्हरला आल्या होत्या. तो काहीच बोलला नाही. गाडीत रेड ओक येईपर्यंत गप्प होता.

येत्या शुक्रवारी त्याला त्याच्या मित्राकडे झोपायला जायचंय, महिन्यापूर्वी ठरलेलं आहे. काल मित्राच्या आईचा फोन आला होता विचारायला, नक्की ना म्हणून. मी हो म्हणाले.